तीन मिलिमीटरसाठी अडीच मीटरची वजाबाकी

समुद्राची उंची मोजणाऱ्या जेसन-३ उपग्रहाच्या एका फाइलमध्ये अर्ध्या प्रदक्षिणेचा समुद्र असतो. ६६ अंश दक्षिणेपासून ६६ अंश उत्तरेपर्यंत, सुमारे ५६ मिनिटांचा प्रवास. दर सेकंदाला एक नोंद, आणि दोन नोंदींमध्ये समुद्रावर जवळपास ६ किलोमीटर अंतर. प्रत्येक नोंदीत दोन मोठे आकडे: उपग्रह किती उंचावर होता, आणि रडारच्या लहरीला खाली जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून काढलेलं समुद्रापर्यंतचं अंतर. दोन्ही १३०० किलोमीटरच्या वरचे. पहिल्यातून दुसरा वजा करा, समुद्राची उंची हातात. ती मीटरांनी चुकलेली असते, म्हणून त्याच नोंदीत पुढे दुरुस्त्यांचे रकाने येतात. माझा बराचसा काळ त्या रकान्यांत गेला.

मी मूळची भौतिकशास्त्राची. समुद्रविज्ञानाकडे वळले तेव्हा सरांनी दिलेलं काम ऐकायला सोपं होतं. टोपेक्स/पोसायडन १९९२ साली सुटला. त्याच्यामागून जेसन-१ (२००१), जेसन-२ (२००८), जेसन-३ (२०१६) आणि सेंटिनेल-६ (२०२०) त्याच वाटेवर आले. या पाचांचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. तो उतरवून घ्यायचा आणि जगाच्या सरासरी समुद्रपातळीचा आलेख स्वतः काढायचा. "छापलेला आलेख समोर ठेवून काम करू नकोस," एवढीच सरांची अट. "नाहीतर आकडे जुळेपर्यंत कोड हलवत बसशील आणि जुळले की थांबशील."

मग जुळवायचं कशाशी? उत्तर छेदबिंदू. उपग्रह वर जाताना एक वाट आखतो, खाली येताना दुसरी. या वाटा समुद्रावर हजारो ठिकाणी एकमेकींना छेदतात. दर ९.९ दिवसांनी उपग्रह त्याच वाटांवर परततो, तेव्हा एका आवर्तनात प्रत्येक छेदबिंदूवर काही दिवसांच्या अंतराने दोन मोजमापं मिळतात. एवढ्या काळात खुला समुद्र फारसा बदलत नाही, म्हणून दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एखादी दुरुस्ती लावल्यावर छेदबिंदूंवरचा फरक कमी झाला तर ती उपयोगी, वाढला तर काहीतरी बिनसलंय. समुद्र चढतोय की उतरतोय याच्याशी या परीक्षेचा संबंधच नाही, हे मला फार आवडलं. उत्तर मनासारखं यावं म्हणून इथे काही ढकलता येत नाही.

सुरुवात कोरड्या हवेपासून. रडारची लहर हवेतून जाताना किंचित मंदावते, त्यामुळे समुद्र आहे त्यापेक्षा लांब भासतो. किती लांब? सुमारे २.३ मीटर. ही सगळ्यांत मोठी दुरुस्ती आणि गंमत म्हणजे सगळ्यांत कमी त्रासाची, कारण ती जवळजवळ पूर्णपणे समुद्रावरच्या हवेच्या दाबावर ठरते: एका हेक्टोपास्कलला सुमारे २.३ मिलिमीटर. दाब युरोपीय हवामान केंद्राच्या प्रारूपातून येतो आणि तो बऱ्यापैकी नेमका असतो. फाइलमधल्या दुरुस्त्या ऋण चिन्हाने लिहिलेल्या असतात, कारण मोजलेलं अंतर आखडून घ्यायचं असतं. नवख्याने हे आधी कागदावर मांडून घ्यावं.

तोच दाब आणखी एकदा लागतो, अगदी वेगळ्या कारणासाठी. हवेचा दाब कमी झाला की समुद्र खरोखरच वर येतो, एका हेक्टोपास्कलला सुमारे एक सेंटिमीटर. पावसाळ्यात बंगालच्या उपसागराच्या माथ्यावर कमी दाबाचा पट्टा बसला की तिथलं पाणी त्या हिशोबाने फुगतं. ते पाणी हिमनद्यांतून आलेलं नाही, तापून प्रसरण पावलेलंही नाही. दाब पूर्ववत झाला की ते बसतं. म्हणून तेही काढायचं. मात्र इथे दाबाची तुलना एखाद्या ठरीव आकड्याशी करत नाहीत, साऱ्या महासागरांवरच्या त्या क्षणीच्या सरासरी दाबाशी करतात. पाणी फारसं दाबलं जात नाही. सगळीकडे दाब सारखाच वाढला तर समुद्र कुठेच खाली जाणार नाही.

ओल्या हवेने मात्र दमवलं. बाष्पामुळे होणारा उशीर ध्रुवांजवळ काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटरभर असतो, उष्ण कटिबंधात ४० सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि तो तासातासाला, ढगाढगाला बदलतो. यावर प्रारूपाचा भरवसा पुरत नाही. म्हणून उपग्रहावर रडारच्या जोडीला रेडिओमीटर बसवलेला असतो. जेसन-३ वरचा रेडिओमीटर खालून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण तीन वारंवारतांवर मोजतो: १८.७, २३.८ आणि ३४ गिगाहर्ट्झ. मधली वारंवारता पाण्याच्या वाफेला संवेदनशील, बाकीच्या दोन समुद्रपृष्ठाचा आणि ढगांतल्या पाण्याचा हिशोब वेगळा करायला. तिन्हींच्या मेळातून बाष्प किती ते निघतं.

अरबी समुद्रावरून कोकणच्या किनाऱ्याकडे येणारी एक वाट मी जुलैतली निवडली आणि ओल्या हवेचा रकाना तेवढा काढून पाहिला. खोल समुद्रात रेघ हळूहळू हेलकावत होती. पावसाळी हवा, त्यामुळे आकडे भरपूर मोठे. किनारा पन्नासेक किलोमीटरवर आला आणि रेघेने एकदम झेप घेतली. हवेत तसं काहीच घडलेलं नव्हतं. रेडिओमीटरची नजर रडारपेक्षा बरीच पसरट असते; समुद्र अजून पायाखाली असतानाच तिच्या कडेला जमीन येते. सूक्ष्मलहरींत समुद्र थंड दिसतो आणि जमीन ऊबदार. सह्याद्रीच्या पायथ्याची ऊब बाष्प म्हणून मोजली गेली होती. डेटाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत किनाऱ्यासाठी वेगळी गणितं आहेत, पण जागतिक सरासरीपुरतं बोलायचं तर किनाऱ्यालगतच्या नोंदी वगळणं परवडतं. ज्याला वसई-रत्नागिरीची पातळी हवी आहे त्याला परवडत नाही. जगाचा आलेख गावाच्या किनाऱ्याला का लावता येत नाही, याचं हे एक कारण.

आयनांबराचं (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराचं) काम त्या मानाने सुबक आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनांमुळे होणारा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून रडार दोन वारंवारतांवर (सुमारे १३.६ आणि ५.३ गिगाहर्ट्झ) मोजतं आणि दोन्हींतल्या फरकावरून उशीर काढतं. रात्री एक-दोन सेंटिमीटर, सौर कमालीच्या वर्षात विषुववृत्तापाशी भर दुपारी दहा-पंधराच्याही वर. फरकात गोंगाट फार येतो, म्हणून वाटेवरच्या शंभर-दीडशे किलोमीटरची सरासरी घ्यायची. आपल्या इस्रोने फ्रान्सच्या सीएनईएस या अवकाश संस्थेसोबत २०१३ साली सोडलेल्या सरल उपग्रहाने ही कटकट वेगळ्याच रीतीने टाळली. त्यावरचं आल्टिका रडार ३५.७५ गिगाहर्ट्झवर चालतं, तिथे आयनांबराचा परिणाम जवळजवळ नगण्य. मोबदल्यात जोरदार पाऊस त्या लहरीला आडवा येतो. आमच्या साखळीत सरल बसत नव्हता, कारण त्याची वाट वेगळी. पण अधूनमधून ताळा पाहायला तो मी वापरला.

आता लाटा. या दुरुस्तीवर माझा जीव कधीच पूर्णपणे बसला नाही. रडारची लहर लाटेच्या माथ्यापेक्षा खोलगट भागावरून जास्त चांगली परतते, त्यामुळे समुद्र खऱ्यापेक्षा खाली दिसतो. किती खाली? लाटांच्या उंचीच्या काही टक्के. दोन मीटरच्या लाटांना सात-आठ सेंटिमीटर धरा. यासाठी पहिल्या तत्त्वांपासून निघणारं भरवशाचं सूत्र नाही. लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग यांच्या जोड्यांची एक तक्ता-सारणी असते. ती उपग्रहाच्याच मोजमापांवरून, छेदबिंदूंवरचे फरक कमीत कमी व्हावेत अशा रीतीने बनवलेली असते. म्हणजे जी तिची परीक्षा, तीच तिची जन्मदात्री. सरांना मी हे म्हटलं तर ते हसले. "म्हणूनच प्रत्येक उपग्रहाची सारणी वेगळी बनवतात. जेसन-१ ची जेसन-२ ला लावून बघ, कळेल." लावून पाहिलं. कळलं.

भरती-ओहोटीचा प्रश्न वेगळ्या जातीचा. खंभातच्या आखातात पाणी दिवसात दोनदा दहा मीटरांच्या आसपास चढतं-उतरतं, आणि उपग्रह तिथे दहा दिवसांनी एकदा डोकावतो. १२.४२ तासांची चंद्राची मुख्य भरती ९.९ दिवसांच्या खिडकीतून पाहिली की ६२ दिवसांची संथ लाट असल्यासारखी दिसते, आणि १२ तासांची सूर्याची भरती ५९ दिवसांची. खोल समुद्रात भरतीची प्रारूपं सेंटिमीटरभराच्या आत बरोबर असतात. त्यातून जे उरतं ते याच सुरांत उरतं. माझ्या पहिल्या नीट आलेखावर ५९ दिवसांची बारीक नक्षी होती. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या आलेखावर ती असते. दोन महिन्यांची सरासरी घेतली की पुसट होते. टोपेक्सची कक्षा ठरवणाऱ्यांनी हे गणित आधी करून ठेवलं होतं. कक्षा सूर्याशी बांधलेली असती तर उपग्रह प्रत्येक ठिकाणी दर वेळी त्याच स्थानिक वेळेला आला असता, सूर्याची भरती त्याला कायम एकाच अवस्थेत दिसली असती आणि समुद्राच्या स्थायी उंचीपासून ती वेगळी करता आली नसती. १३३६ किलोमीटरची उंची आणि ६६ अंशांचा कल यांमागे बाकी कारणांसोबत हेही एक आहे.

घन पृथ्वीची भरती (हो, जमीनही दिवसात दोनदा हलते, काही ठिकाणी तीस सेंटिमीटरपर्यंत) आणि ध्रुव डगमगण्याचा परिणाम, हे दोन रकाने जसे आहेत तसे वापरले. त्यांचं गणित पक्कं आहे.

हे सगळं लावून एका आवर्तनात पाच-सहा लाख नोंदी उरतात. त्यांची सरळ सरासरी घेता येत नाही, कारण उपग्रहाच्या वाटा ६६ अंशांजवळ दाटीवाटीने येतात आणि विषुववृत्तावर विरळ असतात. दक्षिण महासागराला त्याच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त मतं मिळतील. म्हणून अक्षांशाप्रमाणे वजन द्यायचं. मग एका आवर्तनाचा एक ठिपका. वर्षाला सदतीसेक ठिपके.

ठिपके मांडले तर आलेखाला पायऱ्या होत्या. प्रत्येक उपग्रहाचं शून्य वेगळं, फरक सेंटिमीटरांत. त्या पायऱ्या काढायची सोय मोहिमा आखणाऱ्यांनीच करून ठेवलेली आहे: नवा उपग्रह आला की काही महिने तो जुन्याच्या मागेपुढे त्याच वाटेवर फिरवतात. टोपेक्स आणि जेसन-१ मध्ये सुमारे ७० सेकंदांचं अंतर होतं, सेंटिनेल-६ तर जेसन-३ च्या ३० सेकंद मागे होता. अर्ध्या मिनिटात ना भरती बदलते, ना बाष्प. सगळ्या दुरुस्त्या वजाबाकीत उडून जातात आणि उरतो तो निव्वळ यंत्रांतला फरक. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत देखणा वाटलेला प्रयोग हाच. त्यासाठी दोन महागडे उपग्रह महिनोनमहिने एकच काम करत ठेवावे लागतात, ही गोष्ट वेगळी.

इथवर आलेख तयार झाला होता. १९९८ आणि २०१५-१६ च्या एल निनोचे उंचवटे, २०१०-११ च्या ला निनाचा खड्डा. त्या वर्षी ऑस्ट्रेलियासह जमिनीवर इतका पाऊस पडला की समुद्र सुमारे पाच मिलिमीटर खाली गेला होता. हे काढायचं नसतं. तो खरा समुद्र आहे.

याच सुमारास माझ्या मामेभावाने घरच्या गटावर एक चित्र टाकलं: समुद्रपातळीचे जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी, आणि खाली "शास्त्रज्ञ आकडे फिरवतात". मला थेट विचारलंही, "ताई, तुम्ही हे दुरुस्त करता म्हणजे वाढवताच ना?" प्रश्न रागावण्यासारखा नव्हता. वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटरची वाढ शोधायला अडीच मीटरच्या दुरुस्त्या लावायच्या, हे बाहेरून पाहणाऱ्याला संशयास्पद वाटणारच.

त्याला सांगायला बसले तेव्हा माझंही नीट मांडून झालं. दुरुस्ती केवढी मोठी आहे याने वाढीच्या वेगावर परिणाम होत नाही. कोरड्या हवेचे २.३ मीटर तीस वर्षांपूर्वीही होते, आजही आहेत; दरवर्षी तेवढेच वजा होत असतील तर चढ तसाच राहतो. धोका असतो तो दुरुस्ती हळूहळू सरकण्यात, वर्षाला मिलिमीटरभर. आणि इथे छेदबिंदूंची माझी आवडती परीक्षा आंधळी ठरते, कारण तिच्या दोन मोजमापांत दिवसांचं अंतर असतं, वर्षांचं नाही. सरकणं पकडायला बाहेरचा साक्षीदार लागतो. तो म्हणजे बंदरांवरचे आणि बेटांवरचे भरतीमापक. मुंबईत अपोलो बंदरची नोंद १८७८ पासूनची आहे, आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. पण उपग्रहाच्या तपासणीला मुख्यतः खुल्या महासागरातल्या बेटांवरचे मापक वापरतात, कारण तिथे उपग्रहाची वाट किनाऱ्याच्या गडबडीशिवाय जवळून जाते. मापक ज्या खडकावर उभा आहे तो स्वतः खचतोय की उचलला जातोय, हे जीपीएसवरून वेगळं बघावं लागतं.

टोपेक्सचा इतिहास म्हणजे या साक्षीदारांनी पकडलेल्या चोऱ्यांची यादी आहे. सुरुवातीची वाढ वाजवीपेक्षा फार जास्त येत होती. १९९६ साली लक्षात आलं की घड्याळाचं काम करणाऱ्या दोलकाची दुरुस्ती लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच चूक होती. ती काढली आणि आकडा खाली आला. पुढे भरतीमापकांशी ताडून पाहताना उपग्रह उलट कमी दाखवतोय असं दिसलं. त्याचा मोठा भाग रेडिओमीटरच्या १८ गिगाहर्ट्झच्या वाहिनीत सापडला, वर्षाला मिलिमीटरभराच्या वर. ती दुरुस्ती लावल्यावर आकडा वर गेला. एकदा खाली, एकदा वर. मामेभावाच्या चित्रात यातला फक्त दुसरा फरक होता.

तिसरी गोष्ट सगळ्यांत चिवट. टोपेक्सवर रडारचे दोन संच होते. पहिला झिजत गेला, परतणाऱ्या लहरीचा आकार बिघडू लागला, म्हणून फेब्रुवारी १९९९ मध्ये दुसरा सुरू केला. पहिल्याच्या सहा वर्षांत नेमकं किती सरकलं यावर पुढे पंधरा-वीस वर्षं खल चालला. २०१५ साली वॉटसन आणि सहकाऱ्यांनी भरतीमापक आणि जमिनीची हालचाल दोन्ही धरून दाखवलं की ती सहा वर्षं फुगलेली होती, आणि १९९३ ते २०१४ चा एकूण वेग ३.२ नसून २.६ ते २.९ मिलिमीटरच्या दरम्यान असावा. मी माझ्या आलेखात तो सुरुवातीचा तुकडा या दुरुस्तीसह आणि दुरुस्तीविना असा दोन्ही रीतींनी काढला. दुरुस्तीविना रेघ जवळजवळ सरळ. दुरुस्तीसह सुरुवातीचा चढ मंदावतो आणि त्यामुळेच पुढची रेघ वर वळलेली दिसू लागते. एकूण वाढ कमी करणाऱ्या दुरुस्तीने वेग वाढतोय हे उघडं केलं. नेरेम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे त्वरण वर्षाला वर्षामागे ०.०८४ मिलिमीटर असं काढलं, म्हणजे दशकाला वेगात ०.८ मिलिमीटरची भर. त्यांनी १९९१ च्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने थंड झालेल्या समुद्राचा आणि एल निनोचाही हिशोब त्यात केला होता. मी केला नाही, त्यामुळे माझा आकडा त्यांच्याशी नेमका ताडता येत नाही. वळण मात्र तेच.

मामेभावाला दोन्ही रेघा पाठवल्या. त्याने विचारलं, "म्हणजे अलिबागला तीनच मिलिमीटर ना?" नाही. आणि इथे एका दुरुस्तीबद्दल माझं मत आहे. हिमयुगातले बर्फाचे थर वितळून हजारो वर्षं झाली तरी पृथ्वीचं कवच अजून सावरतंय, आणि सरासरीने महासागरांचा तळ किंचित खोल जातोय. त्यासाठी जागतिक आकड्यात वर्षाला ०.३ मिलिमीटर मिळवतात. समुद्रात किती नवं पाणी आलं हे मोजायचं असेल तर हे मिळवणं बरोबरच आहे. पण किनाऱ्यावरच्या माणसाला तळ किती खोल गेला याचं काय? त्याला त्याच्या बंधाऱ्यापाशी पाणी कुठवर आलं ते हवं. माझ्या मते हा ०.३ नेहमी वेगळा लिहावा, वर्तमानपत्रांना पाठवताना तर नक्कीच. सरांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, सगळे तसंच छापतात, तुझाच आलेख वेगळा दिसेल. अजून मिटलेलं नाही. प्रबंधात सध्या दोन्ही आकडे आहेत आणि तळटीप लांबलीय.

आता जेसन-३ चा डेटा नव्या मानकाप्रमाणे पुन्हा प्रक्रिया होऊन आला आहे. लाटांची सारणी नवी, भरतीचं प्रारूप नवं, कक्षा नव्या संदर्भ चौकटीत. विभागाच्या सर्व्हरवर जागा नाही, त्यामुळे आधी जुन्या फाइली हलवायच्या आहेत. छेदबिंदूंपासून परत सुरुवात.